शीडनौकेवरचे वास्तव्य आणि आडोशाच्या पाण्यातील भ्रमंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे साधारण ९ ते १२ मीटर लांबीच्या शीडनौकेवर एकट्याने, जोडीने किंवा लहान कुटुंबासह कायम राहून खाड्या, उपसागर, नदीमुखे आणि बेटांमधल्या वाटा अशा पाण्यात फिरू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत. महासागर ओलांडण्याची तयारी हा निराळा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. जेथे आकडे दिले आहेत तेथे ते अंदाज बांधण्यापुरते आहेत. आपल्या होडीचे आकडे आपणच मोजून घ्यावेत.

आडोशाचे पाणी म्हणजे नेमके कोणते?

लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहत येतो या तीन गोष्टींवर ठरते. बेटे, भूशिरे किंवा वाळूचे दांडे आडवे आले की तिसरी गोष्ट, म्हणजे अंतर, तुटते आणि जोराचा वारा असूनही लाटा लहान राहतात. स्वीडनमधील स्टॉकहोमचा सुमारे ३०,००० बेटांचा द्वीपसमूह, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागर, त्याच किनाऱ्याला समांतर जाणारा इंट्राकोस्टल वॉटरवे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत अलास्काकडे जाणारा इनसाइड पॅसेज आणि क्रोएशियाचा बेटांनी भरलेला किनारा ही अशा पाण्याची नावाजलेली उदाहरणे आहेत.

मात्र हा आडोसा लाटांपासून मिळतो. वाऱ्यापासून किंवा प्रवाहापासून मिळेलच असे नाही. इनसाइड पॅसेजवरील सीमोर नॅरोज या चिंचोळ्या वाटेत प्रवाहाचा वेग १५ नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) जातो, म्हणजे बहुतेक शीडनौकांच्या कमाल वेगाच्या दुप्पट. तेथे वाटेच्या मध्यावर पाण्याखाली असलेल्या रिपल रॉक या खडकामुळे इतकी जहाजे गमावली गेली की अखेर ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंगाने उडवून द्यावा लागला. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर डोंगर उतरून येणारा बोरा वारा लाट उठायला जागा नसतानाही नांगरलेल्या होड्या ओढून नेतो. चेसापीकची सरासरी खोली साडेसहा मीटरांच्याही आत आहे. अशा उथळ पाण्यात लाटा फार उंच होत नाहीत, पण आखूड आणि उभ्या होतात आणि होडीला एकामागून एक धडका देतात.

मग खुल्या समुद्रापेक्षा हे पाणी सोपे म्हणावे का?

शरीराला सोपे, लक्ष ठेवायला अवघड. खुल्या समुद्रात दिशा चुकली तर ती सुधारायला बहुधा पुरेसा वेळ मिळतो. येथे ५ नॉट वेगाने जाणारी होडी मिनिटाला सुमारे १५४ मीटर पुढे सरकते, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवरचा बुडता खडक तिच्यापासून जेमतेम सव्वातीन मिनिटांवर असतो. तेवढा वेळ खाली जाऊन स्वेटर शोधण्यातही जातो. या पाण्यात होडीला खरी भीती समुद्राची नसून जमिनीची आहे, आणि त्याखालोखाल वेळापत्रकाची. अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहोचतो असे ज्यांनी पाहुण्यांना किंवा कार्यालयाला सांगून ठेवलेले असते, तीच मंडळी नको त्या हवेत बाहेर पडतात. फिरस्त्यांमध्ये रूढ असलेला संकेत चांगला आहे: पाहुण्यांना एक तर ठिकाण सांगावे किंवा तारीख सांगावी, दोन्ही सांगू नयेत.

होडी किती लांबीची घ्यावी?

दोघांना कायम राहण्यास ९ ते ११ मीटर लांबी पुरते. लांबी दीडपट झाली की वजन, शिडांचे क्षेत्रफळ, दोरांची जाडी, नांगर, रंग आणि धक्क्याचे भाडे हे सारे मिळून दीडपटीहून कितीतरी अधिक वाढते, वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा कमाल वेग नॉटमध्ये काढायचा असेल तर पाण्याच्या रेषेवरील लांबीचे मीटरमधले वर्गमूळ काढून त्याला २.४३ ने गुणावे: ९ मीटरला सुमारे ७.३ नॉट येतात आणि १२ मीटरला ८.४. प्रवास आखताना यांपैकी काहीही न धरता ५ नॉट धरावेत.

आडोशाच्या पाण्यात लांबीपेक्षा दुसरी दोन मापे अधिक महत्त्वाची ठरतात. पहिले, होडीला तरंगायला किती खोल पाणी लागते. दीड मीटरच्या आत असेल तर बहुतेक खाड्यांची दारे उघडी राहतात. दोन मीटरांच्या पुढे गेले की सर्वांत शांत, सर्वांत आतल्या जागा एकेक करून यादीतून गळतात. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या वाडन समुद्रात ओहोटीला मैलोन्‌मैल तळ उघडा पडतो, आणि तेथे सपाट बुडाच्या किंवा दोन कील (बुडाखालचे वजनदार पाते) असलेल्या होड्या चिखलावर सरळ बसून पुढच्या भरतीची वाट पाहतात. दुसरे माप म्हणजे पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, तीही टोकावरची अँटेना आणि दिवा धरून. इंट्राकोस्टल वॉटरवेवरील बहुतेक न उघडणाऱ्या पुलांखाली ६५ फूट, म्हणजे १९.८ मीटर, मोकळी उंची ठेवलेली आहे. मायामीच्या ज्युलिया टटल कॉजवेखाली मात्र ती ५६ फूटच आहे, त्यामुळे उंच डोलकाठीच्या होड्यांना तेवढ्यापुरते बाहेरच्या समुद्रात जावे लागते.

जुनी होडी घेताना काय तपासावे?

होडी पाण्याबाहेर काढून, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावी आणि त्या वेळी स्वतः हजर राहावे. अहवालात जे लिहिले जात नाही ते बोलण्यात कळते. डेक ठोकून पाहताना आवाज कोठे बद्द येतो, कील आणि बूड यांच्या सांध्यात भेग आहे का, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा किती वर्षांच्या आहेत, या तारांचे ताण बुडाकडे नेणाऱ्या पट्ट्यांभोवती गंज किंवा ओल आहे का, आणि इंजिन थंड असताना पहिल्या प्रयत्नात सुरू होते का, हे पाहावे. तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलण्याची पद्धत आहे आणि अनेक विमा कंपन्या तसा आग्रह धरतात. पाहायला गेल्यावर इंजिन आधीच गरम करून ठेवलेले आढळले तर दुसऱ्या दिवशी न कळवता पुन्हा जावे. गाद्या, पडदे, चकचकीत लाकूड यांच्याकडे शेवटी पाहावे. ते नंतर हवे तेव्हा बदलता येते.

खर्च किती येतो?

देखभालीसाठी वर्षाला होडीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के बाजूला काढावेत असा ठोकताळा आहे. स्वस्तात मिळालेल्या जुन्या होडीला तो लागू पडत नाही, कारण पंप, दोर, शिडे आणि तारा यांच्या किमती होडीचे वय पाहून कमी होत नाहीत. तेथे तशीच होडी नवी घेतली असती तर किती पडली असती त्या रकमेच्या अंगाने विचार करावा. राहण्याच्या खर्चात सर्वांत मोठा फरक एकाच गोष्टीने पडतो: रात्री धक्क्याला की नांगरावर. जो नांगरावर निर्धास्त झोपू शकतो त्याचा मरिनाचा (होड्या भाड्याने लावण्याच्या धक्क्याचा) खर्च महिन्यातून एक-दोन रात्रींवर येतो. म्हणून उत्तम नांगर आणि भरपूर साखळी यांवर केलेला खर्च हा आमच्या मते होडीवरचा एकमेव खर्च आहे जो खरोखर वसूल होतो.

नांगर नीट कसा टाकावा?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि तो योग्यच आहे.

साखळी किती सोडायची हे केवळ खोलीवरून ठरवू नये. खोलीदर्शक ४ मीटर दाखवत आहे, होडीची नाळ (पुढचे टोक) पाण्यापासून १.२ मीटर उंच आहे आणि भरतीला पाणी आणखी १.८ मीटर चढणार आहे असे समजू. हिशेबाची उंची ७ मीटर झाली. पूर्ण साखळी असेल तर हिच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर, आणि बहुतांश दोर असेल तर सातपट, म्हणजे ४९ मीटर सोडावे. (खोलीदर्शक पाण्याच्या पृष्ठापासून मोजतो की कीलखालून, हे आपल्या होडीवर एकदा वजन बांधलेल्या दोरीने पडताळून घ्यावे.) हेतू इतकाच की नांगराच्या दांड्यावर येणारी ओढ शक्य तितकी आडवी राहावी. ओढ वर झाली की नांगर उपटला जातो.

जागेभोवती आधी एक संथ फेरी मारावी, खोलीचे आकडे पाहावेत आणि आधीपासून नांगरलेल्या होड्या वारा फिरल्यास कोठे झुलतील याचा अंदाज घ्यावा. मग वाऱ्याकडे तोंड करून होडी पूर्ण थांबू द्यावी आणि ती मागे सरकू लागली की नांगर तळाशी टेकेल इतकीच साखळी सोडावी. सगळी साखळी एकदम सोडली तर तिचा ढीग नांगरावरच पडतो आणि त्यात तो अडकतो. होडी मागे जाईल तशी साखळी सुटत गेली पाहिजे. ठरलेली लांबी सुटल्यावर इंजिन मागच्या गिअरमध्ये घालून आधी मंद आणि मग अर्ध्या जोराने अर्धा मिनिट ओढ द्यावी. या वेळी नाळेवर उभ्या असलेल्या माणसाने रोलरच्या (साखळी ज्यावरून बाहेर जाते त्या चाकाच्या) पुढे, जेथे बोटे चेमटण्याची भीती नाही अशा जागी, ताणलेल्या साखळीवर तळवा टेकवावा. नांगर रुतला असेल तर साखळी ताठ आणि मुकी लागते. तो वाळूवरून घसरत असेल तर बारीक गुरगुर हाताला जाणवते, आणि खडकाळ तळावर उड्या मारत असेल तर एकेक ठोका मनगटापर्यंत येतो. गुरगुर थांबत नसेल तर वर ओढून पुन्हा टाकावा, दहा होड्यांवरून माणसे पाहत असली तरी.

रुतल्यावर किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन स्थिर वस्तू, उदाहरणार्थ एक खांब आणि त्यामागचे झाड, एका रेषेत येतात अशी जागा आडव्या दिशेला हेरून ठेवावी. ती रेष मोडली की होडी सरकत आहे. रात्रीसाठी जीपीएसचा गजर लावावा. साखळीला हिसके बसू नयेत म्हणून आठ-दहा मीटर लांबीचा नायलॉनचा दोर आकड्याने साखळीत अडकवून ताण त्याच्यावर घ्यावा. नायलॉन ताणला जाऊन धक्के पचवतो आणि केबिनमध्ये साखळीची खडखडही येत नाही.

तळ चिखलाचा किंवा वाळूचा असावा. समुद्री गवतावर नांगर टाकू नये, कारण एक तर तो नीट रुतत नाही, आणि दुसरे म्हणजे ते गवत पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. भूमध्य समुद्रातील पोसिडोनियाची कुरणे याच कारणाने ठिकठिकाणी संरक्षित आहेत.

भरती-ओहोटीचा हिशेब रोज करावा लागतो का?

जेथे ती जाणवण्याइतकी आहे तेथे रोज, आणि उथळ जागी जाताना दोनदा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात, त्यांच्यातील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते, आणि त्यामुळे भरतीची वेळ दररोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांनी उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, म्हणजे सर्वांत कमी चढ-उतार, असते.

ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत वाटला तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. एकूण चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर चढणारे पाणी तिसऱ्या तासात ९० सेंटीमीटर चढते. प्रवाहही त्याच मधल्या दोन तासांत सर्वांत जोराचा असतो. हा ठोकताळा आहे. जेथे खाडीचा आकार विचित्र आहे तेथे स्थानिक तक्त्यालाच मान द्यावा. चिंचोळ्या वाटांत प्रवाह थबकण्याची वेळ आणि पाणी सर्वांत उंच असण्याची वेळ अनेकदा एक नसते, आणि नवख्यांचा घोळ बहुतेक वेळा येथेच होतो: ते भरतीची वेळ पाहून निघतात आणि प्रवाहाच्या तोंडी सापडतात.

बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाही, तरी पाण्याची पातळी स्थिर नसते. वारा पाणी एका बाजूला लोटतो, आणि हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की पातळी साधारण १ सेंटीमीटरने उलट बदलते.

होडी रुतली तर काय करावे?

पाणी चढते आहे की उतरते आहे, हा पहिला प्रश्न. उथळ जागी चढत्या पाण्यातच शिरावे हा नियम पाळला असेल तर उत्तर सुखाचे असते: शिडे उतरवावीत म्हणजे वारा होडीला आणखी आत रेटणार नाही, डिंगीतून (होडीबरोबरच्या लहान नावेतून) एक नांगर खोल पाण्याच्या दिशेने नेऊन टाकावा, त्याचा दोर ताणून ठेवावा आणि वाट पाहावी. इंजिन जोरात फिरवत राहू नये; प्रोपेलर तळ ढवळतो आणि थंड करण्याच्या पाण्याबरोबर ती वाळू इंजिनात ओढली जाते.

पाणी उतरत असेल तर हालचालीला काही मिनिटेच मिळतात. आलेल्या वाटेने मागे जाण्याचा प्रयत्न करावा, सर्वांनी एका बाजूला जाऊन होडी कलती करावी, म्हणजे कील थोडी वर येते. तेवढ्याने सुटली नाही तर ती कोणत्या बाजूला कलंडणार हे पाहून उताराच्या वरच्या बाजूला कलेल असे वजन हलवावे, त्या बाजूला बुडाखाली गाद्या किंवा फेंडर (कडेला टांगायचे, धक्के झेलणारे फुगे) सरकवावेत आणि बुडातून जाणाऱ्या नळ्यांच्या झडपा बंद कराव्यात. उधाणाच्या भरतीला माथ्यावर रुतलेली होडी ही वेगळीच गोष्ट आहे, कारण पुढची प्रत्येक भरती तिच्याहून खुजी असते आणि दोन आठवडे तेथेच काढावे लागू शकतात.

कोणत्या हवेत निघू नये?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला तर शिडांवरचा जोर चौपट होतो. नवीन चालकाने ब्यूफोर्ट मापनातील ४, म्हणजे ११ ते १६ नॉट, येथवर सराव करावा. ६ म्हणजे २२ ते २७ नॉट. एवढ्याचा अंदाज असेल तर जागेवर राहण्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. शीड आखडण्याचा विचार मनात आला की त्याच क्षणी ते आखडावे. दहा मिनिटांनी तेच काम दुप्पट कठीण होते.

वाऱ्याच्या आकड्याइतकेच त्याचे प्रवाहाशी असलेले नाते पाहावे. १५ नॉटचा वारा आणि ३ नॉटचा प्रवाह एकाच दिशेने असतील तर प्रवास सुखाचा होतो. तेच समोरासमोर आले की त्याच जागी उभ्या, फुटणाऱ्या लाटा उठतात, आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर तेथे होडी नेणे धोक्याचे ठरते. स्थिर हवामानात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा जोर धरतो, म्हणून उजाडताच निघून दुपारच्या आत नांगर टाकणे हे बहुतेक किनाऱ्यांवर शहाणपणाचे आहे. त्याने जागाही चांगली मिळते, आणि सूर्य डोक्यावर असताना पाण्याखालचे खडक रंगावरून ओळखता येतात.

खरोखर किती वेळ शिडावर जाता येते?

अपेक्षेपेक्षा कमी. चिंचोळ्या वाटांत वारा एक तर तोंडावर असतो किंवा पाठीवर, बेटांच्या सावलीत तो पडतो, आणि पूल उघडण्याच्या वेळा पाळाव्या लागतात. डिझेल इंजिनाची निगा ही येथे शिडांच्या निगेइतकीच महत्त्वाची आहे.

वीज किती लागते आणि ती कशी मिळवावी?

आधी खर्च मोजावा, मग साधने घ्यावीत. १२ व्होल्टच्या होडीवर फ्रिजला दिवसाला सुमारे ४० अँपिअर-तास लागतात (उष्ण हवेत त्याहून अधिक), संगणक आणि फोन यांना २०, दिवे, पंप, नांगराचा दिवा आणि उपकरणे मिळून आणखी २० ते ३०. म्हणजे दोन माणसांचा दिवस ८० ते ९० अँपिअर-तासांत बसतो. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक रित्या केल्या तर लवकर मरतात, म्हणून दोन दिवसांच्या बेगमीसाठी त्यांची क्षमता साडेतीनशेच्या पुढे हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचे ८० टक्के वापरता येतात. मात्र जुन्या अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या वीज-जनित्राला) लिथियम बॅटरी थेट जोडू नये, कारण ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

चांगल्या उन्हात १०० वॉटचे सोलर पॅनल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देते. ४०० वॉट बसवले तर उन्हाळ्यात इंजिन न चालवता नांगरावर राहता येते, पण उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात त्यावर विसंबता येत नाही. डोलकाठीची आणि बूमची (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीची) सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न मोठ्या प्रमाणात घटते. पॅनल कोठे बसवायचे हे घेण्याआधी ठरवावे.

पाणी किती साठवावे?

काटकसरीने वागले तर माणशी दिवसाला १० ते १५ लिटर पुरते, आणि बटण दाबताच वाहणारा नळ असला की हाच आकडा सहज दुप्पट होतो. पायाने चालवायचा पंप हा उत्तम उपाय आहे: पाय थांबला की पाणी थांबते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचे गोड्या पाण्यातून काढावीत, पण बंदरातले पाणी त्यासाठी घेऊ नये. टाक्या दोन असाव्यात, म्हणजे एकीत गढूळ पाणी भरले गेले तरी दुसरी शाबूत राहते.

शौचालय आणि कचरा यांचे काय?

मैला साठवण्याची टाकी आडोशाच्या पाण्यात अपरिहार्य समजावी. बंदिस्त खाडीत पाणी लवकर बदलत नाही, तेथेच माणसे पोहतात आणि शिंपले वाढतात. पुष्कळ देशांत किनाऱ्याजवळ न प्रक्रिया केलेला मैला सोडणे गुन्हा आहे, आणि टाकी उपसून देणारी केंद्रे कोठे आहेत हे मार्ग आखतानाच पाहावे लागते. टाकीच्या कटकटीला कंटाळून अनेक जण मूत्र वेगळे काढणारे कोरडे शौचालय बसवतात, आणि एकदा सवय झाली की सहसा परत फिरत नाहीत. प्लास्टिकबाबत वाद नाही: जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार ते कोठेही, किनाऱ्यापासून कितीही दूर, समुद्रात टाकता येत नाही. बांधणीची वेष्टने होडीवर आणण्याआधी धक्क्यावरच काढून टाकली तर निम्मा कचरा होडीवर येतच नाही.

गॅस आणि आगीबाबत काय काळजी घ्यावी?

सिलिंडरमधला घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून निघून जातो. होडी ही तळ बंद असलेली वाटी आहे, तिच्या बिल्जमध्ये (केबिनच्या तळफळ्यांखालच्या पोकळीत) तो साचून राहतो आणि पंपाच्या एका ठिणगीने पेटतो. म्हणून सिलिंडर केबिनपासून बंदिस्त असलेल्या आणि तळाशी बाहेर निचरा होणाऱ्या कप्प्यात असावा, आणि स्वयंपाक झाल्यावर सिलिंडरची झडप बंद करण्याची सवय प्रत्येकाच्या हाताला लागलेली असावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपण्याच्या जागी त्याचा गजर असलाच पाहिजे, कारण शेजारच्या होडीच्या जनरेटरचा धूरही आपल्या खिडकीतून आत येतो. अग्निशामक आगीच्या पलीकडे टांगलेला असेल तर निरुपयोगी. एक स्वयंपाकघरापासून हातभर दूर, एक कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत) असावा.

बिल्जमध्ये पाणी दिसले तर?

घाबरण्याआधी जिभेला लावून पाहावे (त्यात तेल किंवा डिझेल तरंगत नसेल तर). गोडे असेल तर टाकी गळते आहे किंवा पाऊस डेकमधून झिरपतो आहे. खारे असेल तर ते बाहेरून येत आहे आणि कोठून ते तत्काळ शोधावे: आधी प्रोपेलरच्या दांड्याची जागा, मग बुडातून जाणाऱ्या प्रत्येक नळीची झडप, मग शौचालयाची नळी. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर ४ सेंटीमीटर व्यासाची नळी निखळली तर मिनिटाला शंभर लिटरांहून अधिक पाणी आत येते, आणि सामान्य विद्युत पंप त्याच्याशी फार वेळ झुंजू शकत नाही. म्हणून प्रत्येक झडपेला तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतात. झडपा महिन्यातून एकदा उघडझाप कराव्यात, नाहीतर नेमक्या वेळी त्या अडकून बसतात.

केबिनमध्ये ओल आणि बुरशी का येते?

माणसांचा श्वास, स्वयंपाक आणि ओले कपडे यांतून रोज काही लिटर पाणी हवेत जाते आणि थंड बुडावर जमते. गाद्यांखाली हवा खेळेल अशी जाळी किंवा पट्ट्या घालाव्यात, कपाटांच्या दारांना भोके असावीत, आणि हीटर असा असावा की ज्याचा धूर व वाफ नळीने बाहेर जाते. उघड्या ज्योतीचा हीटर उब देतो आणि ओल वाढवतो.

मार्गाचे नियम कोणते माहीत असावेत?

समुद्रातील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम पूर्ण वाचावेत. ते वाटतात त्याहून लहान आहेत. शिडाच्या होडीला यांत्रिक नौकेने वाट द्यावी हा नियम सर्वांना पाठ असतो, त्याचे अपवाद मात्र कोणाच्या लक्षात नसतात. इंजिन चालू करून गिअर टाकला की शिडे उभारलेली असली तरी आपण यांत्रिक नौका ठरतो. चिंचोळ्या मार्गात, ज्या मोठ्या जहाजाला त्या मार्गाबाहेर जाताच येत नाही, त्याच्या वाटेत शिडाच्या होडीने येऊ नये. मागून पुढे जाणाऱ्याने, मग तो शिडावर असो वा इंजिनावर, पुढच्याला मोकळीक द्यावी. नांगरावर रात्री सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा काळा गोळा दाखवावा. बोयांचे (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे) रंग जगभर सारखे नाहीत: बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला राहतो, पण दोन्ही अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स येथे तो उजव्या हाताला राहतो.

कोणी पाण्यात पडले किंवा मदत लागली तर?

उथळ, शांत पाण्यातही पडलेल्या माणसाला परत वर घेणे दोघांच्या होडीवर अत्यंत कठीण असते. पाण्यातूनच खाली ओढता येईल अशी शिडी मागच्या बाजूला असावी, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला दोरांच्या कप्पीने वर घेण्याचा सराव उबदार पाण्यात करून ठेवावा. अनेक अपघात प्रवासात न होता रात्री डिंगीतून होडीवर परतताना होतात. लाइफजॅकेट तेथेही घालावे. मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनल वापरावा. फोन एकाच माणसाला ऐकू जातो, रेडिओ आसपासच्या सर्व होड्यांना, आणि सर्वांत जवळची मदत बहुधा त्यांच्यापैकीच एकाकडून येते.

मुले किंवा पाळीव प्राणी घेऊन राहता येते का?

येते. डेकभोवती जाळी, मुलांना पोहता येणे आणि प्रत्येकाला दार लावून घेता येईल असा एक कोपरा, एवढे तरी हवे. तिसरी अट मोठ्यांनाही लागू आहे.

पत्ता, विमा आणि कागदपत्रे यांची व्यवस्था कशी करावी?

होडीची नोंदणी, मालकीचे कागद, रेडिओचा परवाना आणि चालवण्याचे प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती जलरोधक पिशवीत असाव्यात. टपालासाठी जमिनीवरचा एक पत्ता लागतोच. विमा घेताना आपण होडीवर कायम राहतो हे स्पष्ट सांगावे. ते लपवलेले आढळले तर दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीत कोणत्या सीमेपर्यंत फिरता येते आणि वादळाच्या ऋतूत होडी कोठे असावी लागते हेही वाचून घ्यावे. काही मरिना कायम राहणाऱ्यांना जागा देत नाहीत, तर काही ठिकाणी एकाच जागी नांगरावर किती दिवस राहता येते यावर मर्यादा आहे.

काही आठवडे होडी सोडून जायचे असेल तर?

नांगरावर सोडून जाऊ नये. धक्क्याला किंवा नुकत्याच तपासलेल्या मूरिंगवर (तळाशी कायम बसवलेल्या वजनाला बांधलेल्या बोयावर) ठेवावी. दोर जेथे घासतात तेथे जुन्या पाइपचे तुकडे चढवावेत आणि प्रत्येक दोराच्या जोडीला दुसरा दोर असावा. बिल्ज पंपाची झडप सोडून बाकी सर्व झडपा बंद कराव्यात, गॅस बंद करावा, पुढचे शीड गुंडाळीवरून उतरवून खाली ठेवावे, कारण वादळात तेच आधी सुटून फाटते. सोलर पॅनल आणि बिल्ज पंप चालू राहतील एवढेच स्विच चालू ठेवावेत. धक्क्याच्या विजेला जोडून जात असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवलेला असावा, नाहीतर शेजारच्या होड्यांशी अर्थिंगच्या तारेतून जोड होऊन झीज स्वतःवर घेण्यासाठी बुडाला लावलेले आपले जस्ताचे तुकडे लवकर झिजतात आणि ते संपले की पाळी प्रोपेलरची येते. ओळखीच्या कोणाकडे तरी किल्ली द्यावी, आणि तिच्याबरोबर एक चिठ्ठी: बॅटरीचा मुख्य स्विच कोठे आहे, हातपंपाचा दांडा कोठे ठेवला आहे, आणि बिल्जमध्ये किती पाणी असणे नेहमीचे आहे.